अजिबात कळत नाही

मंगळवार, रात्री उशिरा

"ताई, तुम्ही आधी इंग्रजी वाजवत होता हे अजिबात कळत न्हाई बघा."

रविवारच्या माझ्या व्हायोलिनच्या बैठकीनंतर चहाचा कप हातात धरून अप्पा म्हणाले. इंग्रजी म्हणजे पाश्चात्त्य संगीत. अगदी मनापासून. मी वाकून नमस्कार केला, हसले, आणि तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जायला तयार नाही. शिवी दिली असती तर एव्हाना विसरले असते.

अप्पांचा कान ऐरागैरा नाही. ज्या कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायले, त्यांच्या मुलानं, भूर्जी खाँसाहेबांनी, शिष्य घडवले, तिथल्या म्हाताऱ्यांपुढं वाजवायला बसताना अजून पोटात गोळा येतो. बसंती केदारासारख्या अनवट रागातले चार सूर कानावर पडले की नाव सांगणारी माणसं ही. त्यांनी दाद दिली म्हणजे दिली. मग टोचतंय कुठं?

सून माहेरची भाषा पार विसरली म्हणून सासरचे कौतुक करतात, तसलं काहीतरी आहे हे. सुनेनं खूश व्हायचं की रडायचं?

शाळकरी वयापासून पाश्चात्त्य व्हायोलिन शिकवणाऱ्या सरांसमोर हनुवटीखाली व्हायोलिन धरून उभी राहिले. स्केल, एट्यूड म्हणजे सरावाचे तुकडे, ग्रेडच्या परीक्षा, तारांवर ओढायच्या गजाच्या वर-खालीच्या पेन्सिलीनं केलेल्या खुणा. बाबांचं यावर काय म्हणणं होतं ते आज नको. मग बऱ्याच उशिरा खाली बसले. खाली म्हणजे अक्षरशः खाली: मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवून. हनुवटी सुटली, डावा हात मोकळा झाला आणि तारेवरून घसरायला लागला. ज्या घसरण्यापायी सरांकडे बोलणी खाल्ली होती, तीच आता मींड. ताराही निराळ्या. उभ्यानं वाजवायच्या व्हायोलिनवर जी, डी, ए, ई, प्रत्येक तार आधीच्या तारेचा पंचम, म्हणजे आधीची सा धरली तर ही प. बैठकीच्या व्हायोलिनवर मी मंद्र पंचम, षड्ज, पंचम, तार षड्ज लावते. बोटांना ओळखीची सगळी घरं पुन्हा शोधावी लागली.

आणि गांधार! पियानो साथीला असला की त्याचाच गांधार, म्हणजे ग, धरावा लागतो, षड्जापासून 400 सेंटवर (अर्धस्वराचे शंभर भाग केले तर त्यातला एक म्हणजे सेंट). तानपुरा छेडला की खर्जाच्या तारेतून जो गांधार आपोआप ऐकू येतो, तो 386 च्या आसपास. फरक 14 सेंटचा, म्हणजे एका अर्धस्वराचा जेमतेम सातवा भाग. तारेवर बोट केसभर मागं घ्यायचं, बस्स. त्या केसभरासाठी काय काय सोडलं त्याची यादी करायला बसले तर ही वही पुरायची नाही. आणि एवढं करून काय ऐकायचं? कळत न्हाई.

खरी चीड आणणारी गोष्ट तर पुढेच आहे. अप्पांनी मान कुठं डोलावली ते मला पक्कं आठवतंय. बागेश्रीच्या आलापात मध्यमावर थांबले होते. गज टाचेपासून टोकापर्यंत एकाच ओढीत, आवाज कुठं तुटू न देता, थरथरू न देता. टोकाकडे गज हलका होतो, तिथं तर्जनीनं अंदाजानं वजन द्यावं लागतं, नाहीतर सूर विझतो. अप्पा शेजाऱ्याला म्हणाले, "दम बघा." तो दम सरांचा आहे! सेकंदकाट्याकडे बघत मोकळ्या तारेवर एकच गज ओढत राहायचं, दुसरं काही वाजवायला मिळायचं नाही, असे ते तास. ज्याचं कौतुक झालं ते सगळंच्या सगळं इंग्रजी, आणि कौतुक कशाबद्दल, तर इंग्रजी कळत नाही याबद्दल.

सांगायला हवं होतं. पण हातात चहा असताना असलं कोण बोलतं?

मुंबईत पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रातही बसते; तिथं शेजारच्या खुर्चीवरच्या बाई एकदा हेच उलट्या बाजूनं म्हणाल्या होत्या. बैठकीत वाजवणारी वाटत नाही म्हणे मी. तेव्हा काही लागलं नव्हतं. तिथं सगळ्यांचे गज एकदम वर, एकदम खाली. व्हायोलिनच्या सेक्शनमधून मी वेगळी ऐकू आले तर गुन्हा माझाच. पण बैठकीत मी एकटी बसते. तिथं माझं मागचं काही ऐकू येत नसेल तर मग वाजवतंय कोण?

पाश्चात्त्य व्हायोलिनवाले यहुदी मेन्युहिन 1966 मध्ये इंग्लंडात बाथला सतारीच्या रविशंकरांबरोबर बसले. दोघांच्या पुढं ज्या रेकॉर्ड निघाल्या त्या लावून बघा, मेन्युहिन कुठं लपतच नाहीत, आणि मजा त्यातच आहे. आपली पेटी, म्हणजे हार्मोनियम घ्या. 1842 मध्ये पॅरिसला पेटंट झालेलं वाद्य, रेडिओनं 1940 पासून कितीतरी वर्षं बाहेर ठेवलेलं. याच कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे ती वाजवायचे तेव्हा 'पेटी फ्रान्सची आहे हे कळत नाही हो' असं कुणी म्हणालं असेल का?

मेन्युहिन, टेंबे आणि मी. वा! झोपा आता, बाईसाहेब.

2024 च्या ऑगस्टात केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्या रात्रीच्या पानावर माझ्या दोनच ओळी आहेत. आणि अप्पांच्या एका वाक्यावर पानामागून पान.

आज संध्याकाळी मुद्दाम दोन्ही वाजवलं. आधी उभ्यानं जर्मन संगीतकार बाख, त्याच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या डी मायनर पार्टिटातली साराबांद, एक संथ नाचाची चाल. मग तानपुरा लावून बागेश्री. साराबांदमध्येही मधेच बोट केसभर मागं गेलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. थोड्या वेळानं खालच्या काकू जिन्यातूनच ओरडल्या, "ताई, कुणी गेलं काय ओ?" बाखच्या वेळी का बागेश्रीच्या, असं विचारलं तर म्हणाल्या, "दोन्ही येकच न्हवं व्हय?"

एवढी हसले की गज खाली ठेवावा लागला. दोन परंपरांमधला पूल वगैरे जे काय भाषणांत म्हणतात, तो काकूंनी जिन्यात उभ्या उभ्या बांधून टाकला. तोही रडका, पण पूल तो पूलच.

उद्या सकाळी एका विद्यार्थ्याचा ग्रेडचा तास आहे, लगेच मागून हिंदुस्थानी संगीताच्या मध्यमा परीक्षेवाली येणार. दोघांचे आई-बाप जिन्यात भेटतात आणि एकमेकांच्या मुलांकडे संशयानं बघतात.

पुढच्या कार्यक्रमासाठी दोन ओळींचा परिचय पाठवा, असा निरोप आलाय. गेल्या वेळी आयोजकांनी स्वतःच 'फ्युजन कलाकार' छापलं होतं, म्हणून या वेळी आधीच लिहून ठेवला. पहिली ओळ: बाख वाजवते. दुसरी ओळ: बागेश्री वाजवते. जागा कमी पडली तर कुठली ओळ उडवतील ते मला माहीत आहे, म्हणून दोन्हींच्या मधला पूर्णविराम काढून 'आणि' घातलंय. आता उडवा म्हणावं.