हिमालय हिरवा होतोय म्हणजे नक्की काय होतंय?

आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर अधूनमधून एक बातमी फिरत असते, एव्हरेस्टच्या आजूबाजूला आता झाडं उगवायला लागली, नासाच्या सॅटेलाइटने पकडलं वगैरे, आणि त्याखाली निम्मे लोक टाळ्या वाजवतात, निम्मे जगबुडी आली म्हणतात. मी रिमोट सेन्सिंगमधे, म्हणजे सॅटेलाइटच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास करण्याच्या क्षेत्रात, काम करते, त्यातही उंच डोंगरातलं गवत-झुडूप हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे दोन्ही बाजूंना नीट उत्तर द्यायचं कधीपासून मनात आहे. व्हॉट्सअॅपवर ते मावत नाही म्हणून इथे लिहितेय.

पहिली गोष्ट, बातमीमागचा अभ्यास खरा आहे आणि चांगला आहे. इंग्लंडच्या एक्सेटर युनिव्हर्सिटीतल्या कॅरन अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०२० मधे प्रसिद्ध केला. लँडसॅट या अमेरिकन सॅटेलाइट मालिकेची १९९३ ते २०१८ या काळातली चित्रं घेऊन त्यांनी हिंदूकुश-हिमालयाचा ४१५० ते ६००० मीटर उंचीचा पट्टा तपासला, म्हणजे वृक्षरेषा (झाडं वाढू शकतात ती वरची मर्यादा) संपते तिथून कायमचा बर्फ सुरू होतो तिथपर्यंतचा. हिरवेपणा वाढलेला दिसला, आणि सगळ्यात ठळक वाढ ५००० ते ५५०० मीटरच्या पट्ट्यात. पण यात झाडं कुठेच नाहीत हो! तिथे असतं ते बोटभर गवत आणि जमिनीला चिकटून वाढणारी ठेंगणी झुडपं. या पट्ट्याकडे आजवर कोणी फारसं बघितलंच नव्हतं, सगळ्यांचं लक्ष हिमनद्यांवर, आणि खरं तर हा पट्टा कायमच्या बर्फाच्या आणि हिमनद्यांच्या क्षेत्रफळापेक्षा ५ ते १५ पट मोठा आहे. खालच्या नद्यांना मिळणारं पाणी इथूनच वाहत येतं, त्यामुळे इथे काय उगवतंय याला महत्त्व आहे.

आता सॅटेलाइटला हे दिसतं कसं. सातशे किलोमीटरवरून बोटभर गवत दिसत नाही हे उघड आहे. लँडसॅटचा एक पिक्सेल ३० बाय ३० मीटरचा असतो, त्यात दगड, माती, गवत, सावली, बर्फ सगळं एकत्र येतं आणि आपल्याला मिळतो फक्त त्या सगळ्यातून परत आलेला प्रकाश. जिवंत पान लाल प्रकाश शोषून घेतं कारण क्लोरोफिलला तो हवा असतो, आणि डोळ्यांना न दिसणारा निअर इन्फ्रारेड प्रकाश मात्र पानाच्या आतल्या पेशींच्या रचनेमुळे भरपूर परत फेकला जातो. या दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज केली की एक आकडा येतो, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. घनदाट जंगलात तो ०.८ च्या आसपास जातो, उघड्या दगडमातीवर ०.१ वगैरे, आणि बर्फावर शून्याच्या जवळपास किंवा त्याच्याही खाली.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, सगळी गोम तिथे आहे.

समजा एक उतार आहे, एप्रिलमधे बर्फाखाली. बर्फ वितळला, खाली मागच्या वर्षीचं वाळलेलं पिवळं गवत उघडं पडलं. एकही नवीन पान फुटलेलं नाही, तरी एनडीव्हीआय शून्यावरून ०.१५ वर गेला! कॉम्प्युटरला वाटतं वसंत आला. आपण तापमानाचा वनस्पतींवर परिणाम मोजायला निघालोय आणि प्रत्यक्षात मोजतोय तापमानाचा बर्फावर परिणाम. दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत, दोन्ही महत्त्वाच्या आहेत, पण वेगळ्या आहेत.

यावरून तिबेटच्या पठाराबद्दल जो वाद झाला तो मला या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. २०१० मधे हाययिंग यू, आइक ल्युडेलिंग आणि जियानचू शू यांनी एक पेपर लिहिला, १९८२ ते २००६ चा डेटा घेऊन. त्यांना दिसलं की सुरुवातीची काही वर्षं पठारावरची कुरणं दर वसंतात लवकर लवकर हिरवी होत गेली, आणि मग १९९० च्या दशकाच्या मध्यापासून उलटं, उशीर व्हायला लागला, तापमान तर वाढतच होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं की हिवाळे उबदार झाले, आणि बऱ्याच वनस्पतींना हिवाळ्यात ठराविक थंडी मिळाली नाही तर वसंतात त्यांना जाग यायला उशीर होतो. हिमाचलचे सफरचंदवाले चिलिंग अवर्सबद्दल बोलतात ना, तेच. स्पष्टीकरण इतकं पटण्यासारखं की पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दिवसभर तेच सगळ्यांना सांगत होते.

पुढे २०१३ मधे दुसऱ्या एका गटाने तोच प्रश्न वेगळ्या सॅटेलाइटच्या डेटावर तपासला आणि म्हणाले उशीरबिशीर काही नाही, १९८२ पासून २०११ पर्यंत हिरवं होणं सलग लवकरच सरकतंय, आधीच्या पेपरमधल्या डेटातच २००१ नंतर पठाराच्या पश्चिम भागात गडबड आहे. त्यावर तिसऱ्या गटाचं म्हणणं आलं की थांबा, तुम्ही हिवाळ्यातला बर्फ धरलाच नाही, तो बाजूला काढला तर शेवटच्या दशकात सलग लवकर होतंय असंही म्हणता येत नाही. एकच पठार, जवळपास तीच वर्षं, आणि तीन उत्तरं! यात कोणी खोटेपणा करत नव्हतं. फरक होता तो सेन्सरचा आणि बर्फाचा हिशोब कसा केला याचा. आज कोणीही हिमालयातल्या वसंताच्या तारखा काढल्या की मी आधी त्याचा बर्फ गाळायचा भाग उघडून बघते, निष्कर्ष नंतर.

बर्फ ओळखायची युक्ती आहे तशी. शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड या डोळ्यांना न दिसणाऱ्या दुसऱ्या प्रकाशात बर्फ काळाकुट्ट दिसतो आणि हिरव्या प्रकाशात झगझगीत, प्रकाशाच्या त्या दोन पट्ट्यांवरून, म्हणजे बँडवरून, बर्फाचा वेगळा आकडा निघतो. अडचण अर्धवट बर्फाची, पिक्सेलच्या एका कोपऱ्यात घळीत साठलेला बर्फ आणि बाकी उघडं कुरण. जूनमधे उत्तराखंडात तुंगनाथच्या वर चंद्रशिलेच्या शिखराकडे जाताना हे प्रत्यक्ष बघायला मिळतं, एका बाजूला पिवळी-जांभळी फुलं आणि हाकेच्या अंतरावर मळकट बर्फाचा ढीग, आणि सॅटेलाइटसाठी ती दोन्ही मिळून एक चौकोन.

मग तापमानाचं काय? लोकांना वाटतं तापमान हा सोपा भाग, तो तर थर्मामीटरने मोजतात. पण उंच हिमालयात हवामान केंद्रं फार विरळ आहेत आणि जी आहेत ती बहुतेक खाली दरीत, गावाजवळ. उंचीप्रमाणे दर १०० मीटरला साधारण अर्धा अंश कमी धरून वरचं तापमान काढतात, ते हवेचं. सॅटेलाइट मोजतो ते जमिनीच्या वरच्या पृष्ठभागाचं, आणि तेही आकाश निरभ्र असेल तरच. मोडिस या सॅटेलाइटवरच्या सेन्सरचा तापमानाचा पिक्सेल तर एक किलोमीटरचा असतो, त्यात दक्षिणेकडचा उन्हात भाजणारा उतार आणि उत्तरेकडचा सावलीतला उतार दोन्ही येतात.

आणि ते रोपटं यातल्या कशातच राहत नाही! झाड हवेत उंच उभं असतं म्हणून त्याला हवेचं तापमान सोसावं लागतं, वृक्षरेषा ठरते ती यामुळेच, जगभर बघितलं तर वाढीच्या मोसमातलं सरासरी तापमान ६ ते ७ अंशांच्या आसपास असतं तिथे झाडं थांबतात. पण चार बोटं उंचीचं कुशनसारखं रोप जमिनीलगतची ऊब धरून ठेवतं, ऊन असताना त्याच्या आतलं तापमान वरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतं. दोन दगडांमधलं अंतर बदललं तरी त्याचं हवामान बदलतं. म्हणून ग्लोरिया नावाच्या जागतिक उपक्रमात, ज्यात आपल्याकडे उत्तराखंडातही काम चालतं, डोंगरमाथ्यांवर जमिनीखाली १० सेंटिमीटरवर तापमानाची आपोआप नोंद ठेवणारे छोटे लॉगर पुरून ठेवतात आणि चौकोन आखून त्यातली एकेक प्रजाती हाताने मोजतात, काही वर्षांनी परत येऊन त्याच चौकोनात पुन्हा मोजतात. युरोपातल्या ६६ माथ्यांवर २००१ आणि २००८ ची अशी तुलना झाली तेव्हा उत्तरेकडच्या डोंगरांवर प्रजाती वाढलेल्या निघाल्या आणि भूमध्य समुद्राकडच्या कोरड्या डोंगरांवर घटलेल्या. सॅटेलाइटला प्रजाती मोजता येत नाहीत. खालून चढून आलेल्या दणकट गवताने वरच्या नाजूक रोपांची जागा घेतली तर त्याच्या लेखी ती फक्त वाढ असते, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण त्या वरच्या रोपांना आणखी वर जायला डोंगरच उरत नाही.

कोरडेपणाचा मुद्दा आला तो आपल्याकडे फार मोठा आहे. मध्य हिमालयात वृक्षरेषेवरच्या भोजपत्राच्या खोडातली वर्षवलयं तपासली तेव्हा वाढ अडते ती मार्च ते मे या महिन्यांत पाणी कमी पडल्यामुळे, असं निघालं. म्हणजे गरमी वाढली की झाडं खुशाल वर चढत जातील हे गणित सगळीकडे चालत नाही, पावसाआधीच्या त्या तीन महिन्यांत ओल नसेल तर जास्तीच्या उबेचा त्रासच होतो. जगदीश कृष्णस्वामी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मधे उष्ण कटिबंधातल्या डोंगरांमधली ४७ संरक्षित क्षेत्रं सॅटेलाइट डेटावर तपासली होती, आपला पश्चिम घाटही त्यात होता, आणि तिथेही १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर हिरवेपणाची वाढ मंदावत जाऊन उलटी फिरल्याचं दिसलं, वाढत्या तापमानाने ओल कमी पडते म्हणून. आल्प्समधे मात्र चित्र वेगळं, तिथे वृक्षरेषेच्या वरच्या ७७ टक्के भागात १९८४ पासून हिरवेपणा वाढलाय. तेव्हा आल्प्सचा निष्कर्ष उचलून गढवालला चिकटवू नका, प्लीज.

अजून एक तांत्रिक गोष्ट सांगते, कारण आता कोणीही गूगल अर्थ इंजिन या सॅटेलाइट डेटाच्या ऑनलाइन सेवेवर बसून हिरवेपणाचा चाळीस वर्षांचा ग्राफ काढू शकतं, आणि ही खूप छान गोष्ट आहे, काढाच. लँडसॅट ५ हा १९८४ मधे सोडलेला सॅटेलाइट तीन वर्षांसाठी बनवला होता आणि २०१३ पर्यंत चालला, त्याच्यामुळे आपल्याकडे एवढा लांबचा इतिहास आहे. पण २०१३ नंतरच्या लँडसॅट ८ चा निअर इन्फ्रारेड बँड आधीच्यांपेक्षा अरुंद आहे आणि त्याचा एनडीव्हीआय त्याच जागेवर जरासा जास्त येतो. जुळवणी न करता सगळं एका ग्राफवर टाकलं तर २०१३ ला अख्खा हिमालय आपोआप थोडा हिरवा होतो. डोंगरात होणारे खरे बदलही एवढेच बारीक असतात, त्यामुळे हे सोडून चालत नाही.

आणि ढग. बुग्याळांचा, म्हणजे उंचावरच्या कुरणांचा, वाढीचा मोसम जून ते सप्टेंबर, आणि नेमका तेव्हाच सगळा हिमालय ढगाखाली. वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा काळ सॅटेलाइटला दिसतच नाही, मधल्या महिन्यांत कधीतरी एखादी स्वच्छ सकाळ मिळते आणि तिच्या जोरावर बाकीचा मोसम अंदाजाने जोडावा लागतो. म्हणून ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून निसार हा नासा आणि इस्रोचा रडार सॅटेलाइट गेला तेव्हा मी अक्षरशः उड्या मारल्या. रडार ढगातून आरपार बघतं, १२ दिवसांनी त्याच जागेवर परत येतं. तीव्र उतारांवर रडारच्या चित्राची मोडतोड होते, दरीचा काही भाग सावलीत जातो, आणि रडारला हिरवेपणा नाही तर ओल आणि आकार कळतो, त्यामुळे ते लँडसॅटची जागा घेणार नाही. पण ऐन पावसाळ्यात तुंगनाथच्या कुरणात काहीतरी बदललं आणि ते अमुक आठवड्यात बदललं एवढं जरी कळलं तरी आजच्या मानाने ते खूप आहे.

तर ग्रुपवाल्यांनो, पुढच्या वेळी तुंगनाथ, हर-की-दून, कुठेही जाल तेव्हा एका ठरलेल्या जागेवरून, लोकेशन चालू ठेवून, समोरच्या उताराचा फोटो काढा, सेल्फी नको, आणि तारखेसकट मला पाठवा. बर्फ कुठपर्यंत आहे आणि गवत पिवळं आहे की हिरवं, एवढं फोटोत दिसलं की माझा त्या दिवसाचा पिक्सेल मला तपासून घेता येतो.