पोट्ट्याला सोडून आलो बाप्पा

आज दुपारी भाच्याला सोनेगावला विमानतळावर सोडलं, नागपूर ते मुंबई दीड तास आणि तिथून रात्री दीडला न्यूयॉर्कचं थेट विमान. आई गाडीत सारखी विचारत होती की किती लांब आहे रे, मी म्हटलं साडेबारा हजार किलोमीटर, तर म्हणे म्हणजे पुण्याला किती खेपा! सातशे धरले तर सतराअठरा होतात, हे ऐकून ती जी गप्प झाली ती वर्धा रोड संपेपर्यंत.

घरी येऊन जुना पृथ्वीगोल काढला, मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणला तर तो सरळ पश्चिमेला न जाता वर उत्तरेकडे चढतो, नकाशावर वाकडा दिसतो पण खरा जवळचा रस्ता तोच. आई म्हणे बर्फावरून कशाला नेतात पोराला.

मजा घड्याळाची. 16 तास उडून तो सकाळी 8 ला उतरणार, तारीख तीच! उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक ना. येताना मात्र तासदीड तास कमी लागतो कारण वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, मागून ढकलतात. पण जाताना दोन्ही विमानं मिळून उडणं साडेसतरा तास आणि घरापासून तिथल्या रूमपर्यंत जवळपास 30, बाकी सगळं बसून राहणं.

आत्ताच मेसेज आला, मुंबईत बसलाय आणि आजीच्या डब्यातली संत्रा बर्फी संपली. अजून पहिलं विमानच झालंय बे!