मोसंब्यातून आरपार

स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहा असा निरोप आला आणि मला आधी आठवलं ते मोसंबं. गॅदरिंग, ढाली, मैदान यांवर इतर मंडळी लिहितीलच. मी फक्त भूगोलाच्या बाईंविषयी लिहिणार. नाव सांगायला नको, आपल्या बॅचला ‘बाई’ एकच.

आठवीत त्यांनी विचारलं, "राजवाड्यासमोर खणत खणत आरपार गेलो तर कुठे निघू?" मी ठणकावलं, "अमेरिकेत!" कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांना तेच वाटत होतं. बाईंनी पिशवीतून डब्यातलं मोसंबं आणि विणकामाची सुई काढली, सुई बरोबर मधून घातली. मग फळ्यावर हिशेब. इंदूर २२.७ अंश उत्तर, म्हणून पलीकडे २२.७ दक्षिण. ७५.९ पूर्व, ते १८० मधून वजा, राहिले १०४.१ पश्चिम. पृथ्वीगोलावर बोट मलाच ठेवायला लावलं. बोटाखाली नुसतं निळं! माणसांची वस्ती म्हणाल तर ईस्टर बेटावर, तेही सुमारे ७०० किलोमीटर लांब. "पोहता येतं का रे?" बाईंनी विचारलं. तेव्हा मात्र वर्ग हसला.

पुढच्या तासाला पतंगाचा कागद. भिंतीवरच्या मर्केटरच्या नकाशातलं ग्रीनलँड त्यावर गिरवून भारतावर ठेवलं, तर अख्खा भारत गडप. खरं तर भारत त्याच्या दीडपट! मग गोलावरून गिरवायला गेलो, तर कागद बसेचना, चुण्याच चुण्या. मी रडकुंडीला आलो. बाई म्हणाल्या, "चूक तुझी नाही, पृथ्वी गोल आहे. या चुण्या ताणून सपाट केल्या की ग्रीनलँड फुगतं." मर्केटरने १५६९ मध्ये नकाशा केला तो दर्यावर्दींना दिशा सापडावी म्हणून, हेही त्यांनीच सांगितलं.

आज उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करणाऱ्या बारा जणांचा मी प्रमुख आहे. नव्या मुलांना पहिल्या दिवशी पतंगाचा कागदच देतो. मागच्या महिन्यात शाळेत आलो होतो. पृथ्वीगोल कुठे दिसला नाही. स्मार्ट बोर्ड छानच आहे हो, पण त्यावरही ग्रीनलँड तसंच फुगलेलं.

ईस्टर बेटाच्या बरोबर पाठीमागे आपलं जैसलमेर येतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर बाई गेल्या होत्या.

त्या दिवशी तास संपल्यावर मोसंबं त्यांनी मलाच दिलं. भोकातून रस गळून शर्टावर डाग पडला, घरी आईची बोलणी खाल्ली.