आज एक पक्षी लिस्टमध्ये लिहिला नाही
पहाटे साडेपाचला गाडी काढली, उमरेड रोडने पारडगावच्या तलावावर पोचेपर्यंत बोटं पार गारठली होती, पण समोर पट्टकादंब (बार-हेडेड गूज, एक प्रकारचे रानहंस)! पांढऱ्या डोक्यामागचे ते दोन काळे पट्टे दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होते. हिमालय ओलांडून येतात हे आणि आपल्या तलावाच्या काठावर निवांत चरत राहतात, दरवर्षी बघतो तरी दरवर्षी भरून येतं.

एक गुराखी काका थांबले, "काय पाहून राहिले भाऊ इतक्या वेळचे?" दुर्बीण दिली तर म्हणे रोज पाहतो यांना, पण डोक्यावर पट्टे आहेत हे आजच दिसलं.

परतताना बाभळीवर एक शिकारी पक्षी, पाठमोरा, दोन सेकंद बसला आणि गेला. शिक्रा की बेसरा? बेसऱ्याच्या गळ्यावरची मधली रेघ ठळक असते, शिक्र्याची पुसट, पण गळा दिसलाच नाही ना. बेसरा असता तर माझ्या नागपूर जिल्ह्याच्या लिस्टमध्ये नवीन होता, खूप मोह झाला खरं सांगतो. नाही लिहिला.

डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडं मेली, ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन, जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली, पण गिधाडं किती घटली हे कळलं कारण कोणीतरी आधी नीट मोजून ठेवली होती. मग माझ्या लिस्टमध्ये अंदाजाने काही कसं टाकू?

पट्टकादंब तीनदा मोजले. ४३. ई-बर्डवर, म्हणजे पक्षी नोंदींच्या वेबसाइटवर, टाकलेत. येत्या रविवारी परत त्याच बाभळीपाशी जातोय, कोणाला यायचं असेल तर सांगा.