दोन क्विंटलांचं लेकरू

डिसेंबरात तीन आठवडे गावी राहून आले. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीच्या अलीकडे. घरातली एक खोली कापसानं छतापर्यंत भरलेली, तुरीला शेंगा लागलेल्या, रोज संध्याकाळी हुरडा. लिहिण्यासारखं खूप होतं, पण गोथेनबर्गला परतल्यावर मनातून एकच गोष्ट जात नाहीये : माझ्या मुलाची, राघवची कार सीट, म्हणजे गाडीत लेकराला पट्ट्यांनी बांधून बसवायची वेगळी सीट.

राघव सव्वातीन वर्षांचा आहे, चौदा किलोंचा, आणि गाडीत अजून मागे तोंड करून बसतो. इथे स्वीडनमध्ये त्याच्या वयाची सगळीच मुलं तशी बसतात. चार-पाच वर्षांपर्यंत मुलाला पुढे तोंड करून बसवूच नका, असं आमच्या बालआरोग्य केंद्रातल्या नर्सनं पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. मी ती सीट विमानातून सोबत आणली.

नागपूर विमानतळावर आई, बाबा आणि चुलतभाऊ गाडी घेऊन आले होते. नातू दोन वर्षांनी दिसणार, म्हणून आई पहाटे तीनला उठलेली. त्याला मांडीवर घेऊन यवतमाळपर्यंत न्यायचं, हे तिनं मनात ठरवून ठेवलं होतं. आणि मी पार्किंगमध्ये वीस मिनिटं सीटचे दोन पट्टे पुढच्या सीटखाली ओढून बांधत होते, भाऊ मोबाइलचा उजेड धरून उभा. आई बुटीबोरीपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "काऊन वो बाई, लेकराचं तोंड मांगं करून काऊन बसवून रायली? शिक्षा देल्ली का त्याले?"

त्या प्रश्नानं मला फार लागलं, कारण दुखावलेली ती होती आणि दुखावणारी मी.

मी समजावून सांगितलं. समोरासमोरच्या टकरीत गाडी थांबते, आतलं माणूस पुढे जात राहतं. पुढे तोंड असलेल्या मुलाचं धड पट्ट्यांनी अडतं, डोकं मात्र पुढे फेकलं जातं. जन्मतः बाळाचं डोकं त्याच्या लांबीचा चौथा हिस्सा असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा. मानेचे मणकेही या वयात पुरते हाडाचे झालेले नसतात, तुकड्या-तुकड्यांचे आणि कूर्चेनं जोडलेले असतात. म्हणजे सगळ्यात जड भाग सगळ्यात कच्च्या खांबावर. मागे तोंड असलं की तोच धक्का पाठ, मान आणि डोकं मिळून सीटच्या पाठीवर झेलतात. ट्रॉलीच्या पुढच्या पत्र्याला टेकवलेलं पोतं ब्रेक लागला तरी जागचं हलत नाही, तसं.

ही कल्पना माझ्या आत्ताच्याच शहरातली, याचा मला थोडा अभिमान वाटतो. चाल्मर्स विद्यापीठातले प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांना ती सुचली, अमेरिकेच्या जेमिनी अंतराळयानातल्या सीट पाहून : अंतराळवीरांनी पाठीवर रेलून उड्डाणाचा जोर झेलावा, अशा त्या बनवलेल्या होत्या. 1964 मध्ये पहिला नमुना गाडीत तपासला गेला आणि 1972 मध्ये व्होल्वोनं तशी सीट विकायला आणली. इथे एक ऐच्छिक चाचणीही आहे, 'प्लस टेस्ट'. टकरीत मुलाच्या मानेवर किती ताण येतो ते तीत मोजतात. राघवची सीट घेताना मी तिचा शिक्का बघूनच घेतली. ती पंचवीस किलोंपर्यंत चालते.

कॅलिफोर्नियातल्या नणंदेनं मात्र तिची मुलगी दोन वर्षांची होताच सीट फिरवली. तिथला कायदा तेवढंच मागतो, आणि त्याआधीही मूल 40 पौंडांचं किंवा 40 इंचांचं झालं की सूट देतो. युरोपातल्या नव्या नियमात तर सक्ती पंधरा महिन्यांपर्यंतच आहे. फोनवर तिनं मला अडवलं : "मागे तोंड केलेलं मूल पाचपट सुरक्षित, पाचपट सुरक्षित म्हणता, ते सांगणारा 2007चा अभ्यास तर मागे घेतला." तिचं खरं आहे. त्यातलं गणित पुन्हा तपासल्यावर टिकलं नाही. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 मध्ये काय केलं? दोन वर्षांची अट काढली आणि सांगितलं की सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागे तोंड करूनच बसवा. आकडा गेला, मान तर तेवढीच कच्ची राहिली. मी तिला हे जरा चढ्या आवाजात बोलले. ती चांगली आई आहे, आणि तिनं कायदा मोडलेला नाही, हेही इथे लिहून ठेवते.

गावात ज्यानं त्यानं पायांचं विचारलं. पाय दुमडतात, दुखत असतील. पंगतीत तासभर मांडी घालून जेवणारी आपण माणसं! राघव सीटमध्ये मांडीच घालून बसतो, कधी पाय टेकवून उभे करतो.

बाबांना पटलं ते वेगळ्याच ठिकाणी. वेचणीच्या बाया संध्याकाळी कापूस घेऊन आल्या होत्या, बाबा काट्यावर तोलत होते. मी शेजारी बसून हिशोब मांडला. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. तेवढ्या वेगातली गाडी सेकंदाच्या दहाव्या हिस्स्यात थांबली, तर चौदा किलोंचं लेकरू धरून ठेवायला सुमारे 200 किलो तोलण्याइतकं बळ लागतं. बाबा काट्यावरचा गठ्ठा सोडून माझ्याकडे पाहत राहिले.

"म्हंजे दोन क्विंटल?"

"हो."

"दोन क्विंटल मांडीवर कोनाच्यानं धरनं होते?" आणि स्वयंपाकघराकडे वळून, "आयकलं का वो? राह्यू दे तिले बांधू."

माझ्या लोकांना मुलांची काळजी नाही, असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. शेतात बाभळीला लुगड्याची झोळी बांधून आईनं मला वाढवलं, आणि प्रत्येक गाठ ती दोनदा ओढून पाहायची. मोटारसायकलवर चौघं बसतात, कारण घरात वाहन तेवढंच असतं. कायदाही आहे : 2019च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालचं मूल गाडीत न बांधता नेलं तर हजार रुपये दंड. पण साडेतीन तासांच्या रस्त्यावर मुलासाठी अशी सीट लावलेली आमची एकच गाडी मला दिसली. त्याचा राग कुणावर काढायचा, मला कळत नाही.

मीही एकदा सोडलं. शेतात जाताना राघवला बंडीत आईच्या मांडीवर दिलं. बैलांची चाल, पांदण, मऊ धूळ. तिथे टक्कर कशाशी होणार? आईनं त्याला दोन्ही हातांनी असं धरलं होतं की मी मध्ये काही बोलले नाही, आणि त्याचा पश्चात्तापही नाही.

राघवची सीट मी पंचवीस किलो होईपर्यंत फिरवणार नाही. डोकं सीटच्या वर निघालं, तर त्याआधी. शाळेत जायला लागला तरी.

परतताना आई नागपूरपर्यंत त्याच्या शेजारी बसली. मांडीवर नसला तरी त्याचं तोंड तिच्याकडे होतं, आणि कळंब येईपर्यंत ती त्याला एकेक बोर बी काढून भरवत होती. गावातून निघालो तेव्हा बाबा फाटकापाशी उभे होते. आम्ही सगळे पुढे बघत होतो. वळण येईपर्यंत राघव मागच्या काचेतून आम्हाला सांगत राहिला, "आबाजी उभेच हायेत. अजून उभेच हायेत."