चॉकलेट कापायचा दोरा

मे महिन्यात सोलापूरला जाताना शहाणं माणूस चॉकलेट घेऊन जात नाही. मी गेले. तेही लाल एसटीनं, खिडकीतल्या सीटवर बसून, पायाशी पिशवी ठेवून.

खरं तर हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं होतं. संध्याकाळी पुण्यातून निघायचं आणि रात्री सोलापुरात उतरायचं, ऊन अंगाला लागत नाही. पण लग्नसराईत वेटिंग लिस्ट काही हलेना. शेवटी सकाळी लेकीला उठवलं आणि स्वारगेट गाठलं. पिशवीत मावशीसाठी बाकरवडी, गुडघ्याला लावायचं तेल आणि एक डझन फाइव्ह स्टार. तेल आणि बाकरवडी नसती तरी चाललं असतं.

अडीचशे किलोमीटरच्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. भिगवणला उजनीचं पाणी पार आत सरकलेलं, टेंभुर्णीला चहा, आणि पुढं खिडकीतून येणारा वारा हळूहळू भट्टीसारखा होत गेला. मोहोळ सोडलं तेव्हा पिशवीत हात घालून पाहिलं. फाइव्ह स्टार वाकत होतं.

चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. आपलं अंग ३७ अंशांचं. म्हणून तर तुकडा तोंडात टाकला की न चावताही विरघळतो. सगळी मजा त्या दोन-तीन अंशांची. सोलापूर मे महिन्यात दुपारी ४० च्या खाली बोलतच नाही. चॉकलेटला तोंडापर्यंत यायची गरजच उरत नाही.

मावशी साखर पेठेत राहते. रिक्षातून उतरलं की आधी मागांची खटखट ऐकू येते, मग घर दिसतं. शेजारीपाजारी बहुतेक पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारे. मावशी त्यांच्याशी मराठीत बोलते, ते तिच्याशी अर्धं तेलुगू बोलतात आणि गेली पन्नास वर्षं कुणाचं काही अडलेलं नाही. दारातच तिनं माझ्या दंडाला हात लावून ‘किती वाळलीस गं’ म्हणून घेतलं (माझं वजन मागच्या वर्षापेक्षा चार किलोनं जास्त आहे) आणि पिशवी उघडली. एक फाइव्ह स्टार काढून रसाच्या आंब्यासारखं दोन बोटांत दाबून पाहिलं.

“झालंय की तयार,” म्हणाली.

“आजी, फ्रीजमध्ये ठेवूया ना,” लेक म्हणाली.

“फ्रीजात ठेवून काय करलालीस? दगड होतंय.”

तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. वितळलेलं चॉकलेट तसंच पुन्हा गोठवलं की त्याच्यावर पांढुरके डाग येतात. लोक बुरशी समजून फेकून देतात, पण ती बुरशी नसते. आतली चरबीच वर येऊन बसते. खाल्लं तर काही होत नाही, फक्त कुरकुरीतपणा आणि चकाकी जाते आणि तोंडात रवाळ लागतं. शिवाय त्या वेळी लाईट गेली होती.

आता मावशीनं जे केलं ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

काका गिरणीत होते. पगाराच्या दिवशी घरी येताना एक फाइव्ह स्टार आणायचे. एकच. हे चॉकलेट १९६९ साली बाजारात आलं, म्हणजे वयानं ते माझ्याहून मोठं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही घरात पाच पोरं असायचो: मावशीची तीन, मी आणि माझा भाऊ. काका सांगायचे, पाच जणांत वाटायचं असतं म्हणूनच त्याचं नाव फाइव्ह स्टार. ही गोष्ट मी सातवीपर्यंत खरी मानत होते. एकट्यानं अख्खं खाणारी मुलगी पहिल्यांदा पुण्यात वर्गात पाहिली तेव्हा मला ती चोर वाटली होती.

तर ते कापायचं कसं? सुरी चालवली की निम्मं पात्यालाच चिकटतं, आतलं कॅरामल तारेसारखं लांबतं आणि तुकडे राहत नाहीत, नुसता चेंदामेंदा. मग ते पातं मावशी चाटायची, आणि त्यावरून वाद. काकांनी त्यावर गिरणीतला तोडगा काढला. हातभर सूत घ्यायचं. कागद पसरून त्यावर चॉकलेट ठेवायचं, दोरा खालून सरकवायचा, दोन्ही टोकं वर आणून एकमेकांवरून पलीकडे न्यायची आणि शांतपणे ओढायची. कट्‌ असा आवाजसुद्धा नाही. तुकडा आपोआप सुटायचा, काप इतका साफ की आतलं सोनेरी कॅरामल आणि वरची चॉकलेटची रेघ वेगवेगळी दिसायची. दोऱ्यावर उरलेलं काका स्वतः ओठांतून ओढून काढायचे. त्यांचा वाटा तेवढाच.

कडेचे दोन तुकडे मोलाचे. त्यांना टोकाकडूनही चॉकलेट असतं. ते कुणाला द्यायचे याचा हिशोब काका एका सुट्टीतून दुसऱ्या सुट्टीपर्यंत लक्षात ठेवायचे, आणि आमच्यापैकी एकालाही त्यात कधी खोट काढता आली नाही.

गिरणी कधीच बंद पडली. काकाही नाहीत. दोरा मात्र आहे. आता तो शेजारच्या मागावरचा, टॉवेलच्या सुताचा. मावशीनं तो देवळीतून काढला, पण नुसता बोटांभोवती गुंडाळून परत ठेवला. चॉकलेट कापण्याच्या पलीकडं गेलं होतं. मग तिनं डब्यातून कडक भाकरी काढली.

कडक भाकरी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी: ज्वारीची, पापडाइतकी पातळ, भाजून पूर्ण वाळवलेली. मोडली की टचकन तुटते आणि कितीतरी दिवस टिकते. ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी असेल तर बोलायलाच नको, नुसती चावली तरी गोडसर लागते. मावशीनं तिचे तळहाताएवढे तुकडे केले, फाइव्ह स्टारच्या वेष्टनाचा कोपरा कात्रीनं उडवला आणि मेंदीच्या कोनासारखं दाबत ते तुकड्यांवर पसरलं. वर शेंगदाण्याचा भरड कूट.

भाकरी कुरकुरीत, चॉकलेट कोमट, कॅरामल दातांना धरून ठेवणारं. ज्वारीचा किंचित जळका वास त्या गोडाला आवरून धरतो. मी चार तुकडे उभ्यानंच खाल्ले. परवाच पुण्यात एका झगमगीत कॅफेत, काट्यानं फोडावी लागेल अशी कोरडी ब्राउनी भरपूर पैसे देऊन खाल्ली, तेव्हा ही भाकरी फार आठवली.

लेकीला अजून कूट हवा होता. ती आत गेली, फळीवरचा डबा घेतला आणि आपल्या तुकड्यावर सढळ हातानं भुरभुरला. तो कुटाचा डबा नव्हता. शेंगा चटणीचा होता. भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट आणि मीठ घालून उखळात तेल सुटेस्तोवर कांडलेली, अस्सल. पहिला घास घेतल्यावर तिचा चेहरा कोरा झाला. मग डोळ्यांत पाणी आलं. मी तांब्या घेऊन धावले तर ती हात हलवून थांबवत म्हणाली, “थांब. चांगलं लागतंय.”

मावशीनं तिच्या हातातला तुकडा मोडून खाल्ला. विचार केला. “लसूण नको होता,” एवढंच म्हणाली आणि बिनलसणाची चटणी थोडी वेगळी कांडून ठेवली. मिरची आणि कोकोचं तसं जुनं आहे म्हणा. मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक लोक कोको प्यायचे ते मिरची घालून, साखर त्यांच्याकडं नव्हतीच. पण त्यांच्याकडं कडक भाकरीही नव्हती.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर सिद्धेश्वरला गेलो. तलावाच्या मध्यात देऊळ, शेजारी भुईकोट किल्ला, आणि पाण्यावरून येणारी दिवसभरातली पहिली बरी झुळूक. मी इतकी वर्षं सोलापूरला येते पण जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेला, नंदीध्वज निघतात तेव्हा एकदाही आलेली नाही. माझं सोलापूर म्हणजे फक्त उन्हाळा. थंडीतल्या सोलापुरात फाइव्ह स्टार कसं लागतं, मला माहीतच नाही.

परत येताना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात लेकीनं “चॉकलेट द्या” म्हटलं, तर म्हाताऱ्या दुकानदारानं बरणीत हात घालून रावळगावच्या गोळ्या पुढं केल्या. आमच्या पिढीला यात काही चूक दिसत नाही. चॉकलेट म्हणजे कागदात गुंडाळलेलं जे जे गोड ते. रावळगावच्या मागं असलेले वालचंद हिराचंद १८८२ साली याच सोलापुरात जन्मले. जहाजं, विमानं, मोटारी सगळ्यात हात घातलेला माणूस. १९३३ मध्ये मालेगावजवळ साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तिथं गोळ्या निघू लागल्या. २०२४ मध्ये तो ब्रँड रिलायन्सकडं गेला. मी हे सगळं लेकीला सांगितलं. तिनं ऐकत ऐकत तीन गोळ्या संपवल्या.

निघताना मावशीनं दोन डझन कडक भाकऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून, त्याच टॉवेलच्या सुतानं करकचून बांधून दिल्या. बिनलसणाची चटणी वेगळ्या पुडीत.

पुण्यात उतरलो तेव्हा वळवाचा पाऊस होऊन गेला होता, रस्ते ओले, हवा गार. घरी येऊन गठ्ठ्याचं सूत सोडवलं, खालच्या दुकानातून फाइव्ह स्टार आणलं आणि लेकीला काकांची पद्धत दाखवायला बसले. दोरा खालून घातला, टोकं पलटवली, ओढली.

दोरा तुटला.

लेकीनं चॉकलेट उचललं, दाबून पाहिलं आणि म्हणाली, “उद्या दुपारी गच्चीत ठेवूया.”