शेवाळ, क्लोरो आणि माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट

फवारणीचा पंप धुतला की ते पाणी ओढ्याला सोडायचं, ही आमच्या गावची रीत. म्हणून प्रोजेक्टला विषय निवडला: शेवाळ पाण्यातलं कीटकनाशक काढू शकतं का?

शेवाळ वाढवणं सोपं गेलं. क्लोरेला व्हल्गॅरिस, एकपेशीय. बीजी-11 नावाचं क्षारांचं पाणी, ट्यूबलाइट आणि फिशटँकचा पंप एवढ्यावर बाटली पालकाच्या सूपसारखी होते. औषध क्लोरपायरिफॉस, म्हणजे शेतकऱ्यांचं 'क्लोरो'. दुकानातलं 20 ईसी, म्हणजे पाण्यात मिसळून फवारायचं तयार औषध, गाइड मॅडमनी घेऊ दिलं नाही. ते पाण्यात दुधाळ होतं ते त्यातल्या इमल्सिफायरमुळे, म्हणजे औषध पाण्यात मिसळवणाऱ्या द्रव्यामुळे, आणि त्याचाही शेवाळाला त्रास होऊ शकतो. शुद्ध क्लोरो मात्र लिटरभर पाण्यात जेमतेम मिलिग्रॅमभर विरघळतं.

पहिल्याच नमुन्यांत पाण्यातलं क्लोरो झपाट्याने उतरलं. मी खूश! मॅडमनी उकळून मारलेल्या शेवाळाच्या फ्लास्ककडे बोट दाखवलं. "आणि इथे?" तिथेही उतरलं होतं. मेलेल्या पेशी काय पचवणार? क्लोरो पेशींना चिकटतं, काचेलाही चिकटतं, थोडं उडूनही जातं. मग पाण्यासोबत पेशींतलंही सॉल्व्हंटने काढून मोजायला लागले. कंटाळवाणं काम, पण खरा प्रोजेक्ट तोच. मेलेल्या पेशींतून बरंचसं क्लोरो जसंच्या तसं परत आलं. जिवंत शेवाळाच्या फ्लास्कमध्ये मात्र मोजणीच्या आलेखावर क्लोरोचा सुळका खुजा होत गेला आणि शेजारी टीसीपीचा सुळका वर आला. टीसीपी म्हणजे क्लोरो तुटल्यावर उरणारा तुकडा.

तरी श्रेय लगेच शेवाळाला देता येईना. उजेडात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढतं, पीएच चढतो, आणि अल्कधर्मी पाण्यात क्लोरो आपसूकही तुटतं. त्यासाठी बफर, म्हणजे पीएच चढू न देणारं द्रावण, घातलेले वेगळे फ्लास्क लावले. त्यांतही जिवंत शेवाळ पुढे राहिलं, पण फरक बराच आटला. शिवाय टीसीपी क्लोरोपेक्षा पाण्यात जास्त विरघळतं, म्हणजे पाण्याबरोबर लांब जातं. ते उरलं तर काम अर्धवटच.

घरी काकांनी विचारलं, "मग शेततळ्यात सोडू का तुझं शेवाळ?"

म्हटलं, नको. या पेशी फडक्यातून आरपार जातात. तुरटीने खाली बसतात, पण त्या गाळात क्लोरो असू शकतं, तो खत म्हणून टाकायचा नाही. त्यापेक्षा पंप विसळलेलं पाणी ओढ्याला न सोडता फवारलेल्याच पिकावर मारा. हे काकांना पटलं. "एवढ्यासाठी एम.एस्सी. करावी लागते होय?" असंही ऐकून घेतलं.